झाडाला भूक नसते

दीपे, ती पुडी आधी खाली ठेव. ठेव म्हणते ना! कात्री पण ठेव. आता बस इथं, मधेमधे काही विचारू नकोस, नुसतं ऐक. तुझा पुदिना दहा मिनिटांत काही मरत नाही. पण या उन्हात ती पुडी ओतलीस तर नक्की मरेल, आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये, माझ्या हातनं झालंय म्हणून सांगतेय.

मिरज. आमच्या बिल्डिंगची गच्ची. एप्रिलचा शेवटचा आठवडा, सकाळचे सहा. मी एकोणीस वर्षांची, डोळ्यांत झोप, आणि समोर शशीकाकू, एका हातात काठी, गळ्यात शिट्टी.

हो, शिट्टी. अगं त्या मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या, एकतीस वर्षं! रिटायर झाल्या तरी शिट्टी काही गळ्यातनं निघाली नाही. गवती चहा कापायचा झाला की गच्चीवरनं एक शिट्टी, म्हणजे ज्याला पाहिजे त्यानं वर या. ओव्याच्या पानांना दोन शिट्ट्या, मग घराघरांत ओव्याच्या पानांची भजी. पुदिना, कढीपत्ता, सगळं असंच. सहा बिऱ्हाडं आमची, कुणाच्याही चहाचा घोट घे, पात काकूंच्या कुंडीतलीच. फक्त मरवा शिट्टीवर मिळायचा नाही. मरवा त्या स्वतः दारात आणून द्यायच्या, कुणाची परीक्षा असली, कुणाला बघायला येणार असले की दोन काड्या वेणीत खोचायला.

तर काकूंनी काठीनं कुंडी दाखवली. "हे काय आहे?"

"काकू, मी अ‍ॅग्रीला आहे."

"म्हणूनच विचारतेय."

"मरवा."

"पाणी?"

"सकाळी सहाच्या आत."

"आणि खत?"

आता मी काय गप्प बसणार? "दर पंधरा दिवसांनी, नत्र, स्फुरद आणि..."

फुर्रर्र! तोंडावर शिट्टी वाजवली गं माझ्या!

"खत नाही. चिमूटभर नाही. ऐन उन्हाळा आहे हा. आत्ता झाडाला तहान असते, भूक नसते. माती तापलेली, मुळं दमलेली. तुला नाही का मे महिन्यात भरल्या ताटावरनं उठावंसं वाटत? तसंच. मृगाच्या आधी मी येते, माती भिजवून मूठ-मूठ गांडूळखत मी माझ्या हातानं घालीन. तोपर्यंत काय?"

"फक्त पाणी."

"मोठ्यानं."

"फक्त पाणी!"

तेवढ्यात निरंजनदादा वर आला. काकूंचा एकुलता एक. बंगळूरला असतो, कंपनीत मोठ्या पोस्टवर. काकूंचे दोन्ही गुडघे बदलायचे होते आणि तो त्यांना घेऊन चालला होता बंगळूरला. मिरजेहून! जिथं चार जिल्ह्यांतनं लोक ऑपरेशनला येतात, त्या मिरजेहून ही बाई गुडघे घेऊन कर्नाटकात चाललेली. खालचे जमीरचाचा तर म्हणालेच, "बाई, घरातलं सोडून लग्नात जेवायला चाललात."

पण दादाचंही बरोबर होतं. तो म्हणाला, "आई, तिथं मी तुझ्याजवळ बसू शकतो. आणि महिन्याभरानं बरं वाटलं तरी तिथंच राहा की. इथं आता कोण आहे तुझं?"

ते "कोण आहे" काकूंना लागलं. मला दिसलं ना, त्यांनी शिट्टी मुठीत धरली. म्हणाल्या, "असं कर. महिन्यानं मला परत आणून सोड. ही बाग जिवंत असली, तर इथं माझं बघणारी माणसं आहेत असं समज आणि विषय संपव. मेली असली, तर मी स्वतः म्हणेन, चल, फ्लॅट विकून टाक, येते तुझ्याकडं कायमची."

"नक्की?"

"पीटीची बाई आहे मी. निकाल लागला की वाद घालत नाही."

आणि दोघंही माझ्याकडं बघायला लागले. माझ्याकडं! जिचा पहिल्याच सेमिस्टरला मातीचा पेपर राहिला होता तिच्याकडं. हसू नकोस. राहिला होता, मृदाशास्त्राचा. घरी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त काकूंना. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच म्हणाल्या की धावताना पडणारीच पुढं नीट धावते, आणि परत कधी विषय नाही काढला.

तर काकू गेल्या. आणि त्यांची ती पैज दुपारपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळली.

पहिला आठवडा मी इतकी शहाण्यासारखी वागले की काय सांगू. पावणेसहाला गच्चीवर, फक्त पाणी, फक्त पाणी. आणि नवव्या दिवशी काय बघते, मरव्याचे शेंडे तपकिरी! गवती चहाच्या पातींची टोकं जळल्यासारखी. पुदिना मान टाकून बसलेला. मला वाटलं, झालं, उपाशी आहेत बिचारी! काकूंचं आपलं जुनं काहीतरी, शास्त्र कुठं माहितीये त्यांना, आपण अ‍ॅग्रीवाले. गेले सरळ द्राक्षबागायतदारांच्या दुकानात आणि एकोणीस-एकोणीस-एकोणीस घेऊन आले. तेच गं, पाण्यात विरघळणारं खत, तुझ्या पुडीत आहे ना तेच. पाच लिटरच्या कॅनला किती घालायचं ते मागं लिहिलेलं होतं, पण वजन कोण करणार? पोह्याचा चमचा घेतला. दोन चमचे. आणि एक वर, काकूंसाठी.

दोन दिवस नुसतं हिरवंगार! मी स्वतःवर इतकी खूश की आरशात बघून मान हलवली. तिसऱ्या दिवशी परत तपकिरी, आधीपेक्षा जास्त. म्हणून परत दिलं. मग परत. मातीवर पांढरी खपली आली, तर मला वाटलं ऊनच फार आहे.

त्यात काकूंचा मेसेज, "फोटो पाठव."

आता काय पाठवणार? माझ्या मोबाईलमध्ये गेल्या वर्षीचे होते, कोजागिरीला गच्चीवर काढलेले, मागं बाग अशी नुसती फुललेली. त्यातनं माणसं कापली, झाडं ठेवली आणि दिले पाठवून. काकूंचा अंगठा आला. चार दिवसांनी परत, "फोटो." परत कोजागिरी. परत अंगठा. दीपे, तो अंगठा बघून मला रडू यायचं, खरंच सांगते.

तिसऱ्या आठवड्यात मला वेगळाच संशय यायला लागला. सकाळी गच्चीचं दार उघडलं की आंबट वास. कधी कुबट. एकदा तर कुंडीभोवती माशा. मनात म्हटलं, कुणीतरी मुद्दाम करतंय! कुणीतरी काकूंवर डूख धरून आहे! म्हणून एक दिवस ठरवलं, आज पहारा. पाचच्या आधीच वर गेले आणि पाण्याच्या टाकीमागं बसले.

सव्वापाचला दार वाजलं. आले कोण? जमीरचाचा! तळमजल्यावर राहतात, तंबोरे बनवतात, नमाज झाली की कामाला बसणारा माणूस. हातात बादली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग्गा भरून मरव्यात ओतला. मी टाकीमागनं ओरडले, "चाचा!"

बादली पडता पडता राहिली. "या अल्ला! पोरी, जीव घेतेस काय?"

"काय घालताय तुम्ही त्यात?"

"पेंड. शेंगदाण्याची, आठवडाभर भिजवलेली. ताकदीची असते." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "बाईंनी जाताना सांगितलं होतं, समिधावर लक्ष ठेवा, पोरगी धांदरट आहे. पण तिला कळू देऊ नका. मी बघितलं, झाडं सुकायला लागली. म्हटलं, पोरीला जमत नाही वाटतं."

"चाचा, तुम्ही रोज घालताय हे?"

"रोज कुठं? एक दिवसाआड."

मी कपाळावर हात मारला. पण थांब, अजून आहे. चाचा म्हणाले, मी पण बसतो तुझ्याबरोबर, आंबट वास कसला येतो बघू. मग ते घरनं चहा घेऊन आले आणि आम्ही दोघं टाकीमागं. दुपारपर्यंत कुणी नाही. चाचा म्हणाले, आता जाऊ, तंबोरा वाट बघतोय, तर तेवढ्यात आल्या वंदनावहिनी, समोरच्या फ्लॅटमधल्या. कुरडया वाळत घातल्या होत्या त्यांनी, त्या उलटायला आल्या असतील असं वाटलं. कुरडया उलटल्या. मग पदराखालनं डबा काढला. आणि डब्यातनं काय काढलं असेल? शेण! ओलं शेण! हातानं कालवून पुदिन्याच्या बुडाशी थापायला लागल्या.

"वहिनी, हे काय?"

त्या जागच्या जागी उडाल्या. "अगं बाई! तू आहेस होय? ...माहेरचं आहे. मालगावहून आणलं दादाच्या गोठ्यातनं. चांगलं असतं."

"काकूंनी सांगितलं?"

"त्यांनी नुसतं तुझ्यावर लक्ष ठेव म्हणून सांगितलं. पण झाडं अशी उपाशी बघवतात का?"

मग आम्ही तिघं टाकीमागं. कल्पना कर! चाचा, मी आणि शेणाच्या हातांनी वहिनी. आणि संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला वर कोण आलं? आमची आई! कपडे काढले, खांद्यावर टाकले, आणि साडीच्या ओच्यातनं तांब्या काढला. ताक. कढीपत्त्याला ताक घालतात ते ठीक आहे, पण ही कढीपत्ता, ओवा, गवती चहा, मरवा, सगळ्यांना पंगतीत वाढल्यासारखं ताक वाढत चाललेली!

चाचाच म्हणाले, "ताई, जरा मीठ-जिरं तरी घालायचं."

आईनं किंकाळी फोडली.

मग आम्ही चौघं त्या कुंड्यांभोवती उभे राहिलो. मरवा काळा पडलेला. पुदिन्याच्या नुसत्या काड्या. गवती चहाचं गवत झालेलं, खरंखुरं, गाईलाही नको असलेलं. ड्रममधल्या कढीपत्त्यावर एक पान नाही. ओवा तेवढा होता, पण असा पिवळा की काविळीचा पेशंट. मी काडीनं मरव्याची माती उकरली, आणि मुळं बघितल्याबरोबर मला तो राहिलेला पेपर आठवला, धडा सहावा, क्षार. मुळं भाजून निघाली होती गं. प्रत्येकानं जरा सुकलेलं बघितलं की जास्त घातलं, आणि घातलं म्हणून अजून सुकलं. महिनाभर हेच.

आईच्या डोळ्यांत पाणी. "आता शशीताई जाणार?"

चाचाच म्हणाले, "नर्सरीत मिळतील की सगळी. बाई रविवारी संध्याकाळी येणार. शनिवारी सकाळी मी माझा टेम्पो काढतो. कुंड्या याच ठेवायच्या, झाडं नवी. कोण ओळखतंय?"

"खोटं होईल ते," मी म्हटलं.

"पोरी," वहिनी म्हणाल्या, "त्या गेल्या तर ते खरं असेल, पण मग बरं वाटेल का तुला?"

मग ठरलंच.

शनिवारी चाचा आठ वाजता टेम्पो घेऊन गेले. मी आणि वहिनी गच्चीवर कुंड्या रिकाम्या करायला जाणार, तर खाली हॉर्न. गॅलरीतनं वाकून बघते तर निरंजनदादाची गाडी! रविवारी नाही, शनिवारी! रात्रभर गाडी चालवून आला होता, काकूंना मिरज-मिरज झालं होतं म्हणे. काकू वॉकर धरून एकेक पायरी चढल्या, पहिल्या मजल्यावर त्यांच्या दारात पोहोचल्या, खुर्चीत बसल्या, आणि दादाला म्हणाल्या, "जा वर. बघून ये."

त्यांना स्वतःला तीन मजले चढवणार नव्हतेच. कळतंय ना तुला? वर बघणारा एकटा दादा.

मी त्याच्यामागं पळत गेले. त्यानं गच्चीचं दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला. कुंडीकुंडीजवळ गेला. मरव्याच्या काडीला हात लावला, ती मोडून हातात आली.

"समिधा, एक महिना. एक महिना पाणी घालायचं होतं फक्त."

"दादा, पाण्यावाचून नाही मेली."

"मग?"

मी सगळं सांगितलं. भडाभडा, एका दमात, पेंड, शेण, ताक, एकोणीस-एकोणीस, टाकीमागचा पहारा, सगळं. टेम्पोचं पण. आणि सांगत असतानाच खाली टेम्पो आला. कठड्यावरनं आम्ही दोघांनी बघितलं. ताडपत्री, ताडपत्रीच्या खालनं हिरवे शेंडे डोकावतायत, आणि दादाची गाडी दिसल्यावर चाचांनी काय केलं माहितीये? टेम्पोला पाठ लावून हात मागं बांधून उभे राहिले. जणू टेम्पो दिसतच नाही कुणाला.

दादा हसला. मला वाटलं नव्हतं तो हसेल. मग कठड्यावर बसला, डोळे चोळले.

"मी काही तिला पळवून नेत नाहीये गं," तो म्हणाला. "पण फोन वाजला आणि मिरजेचा नंबर दिसला की माझ्या छातीत धस्स होतं. दरवेळी. तुला नाही कळायचं."

त्यानं मरव्याची ती मोडकी काडी बोटांत फिरवली.

"तिथं महिनाभर होती. माझ्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. एकानं विचारलं नाही की आजी कोण." तो परत कुंड्यांकडं बघायला लागला. मग उठला. "तिनं बाग तुझ्यावर सोपवली होती. तूच जाऊन सांग. तू 'बाग आहे' म्हणालीस तर मीही 'आहे' म्हणेन. टेम्पो मागच्या दारानं घ्या. मी काही बघितलं नाही."

"आणि मेली म्हटलं तर?"

"तर तिनं शब्द दिलाय. आणि तिला तू ओळखतेस."

आता बघ हं. गच्चीपासनं पहिल्या मजल्यापर्यंत तीन जिने आहेत. मी एक मरव्याची कुंडी उचलली होती, का उचलली मला आजही माहीत नाही, हातात काहीतरी पाहिजे म्हणून असेल. पहिला जिना उतरताना वाटत होतं खरं सांगू. दुसऱ्या जिन्यावर आमचं दार, दारात आई उभी, नुसती बघत होती माझ्याकडं. तिसऱ्या जिन्यावर वहिनी, हात जोडून. अगं हात जोडून! तिसरा जिना संपेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. कुंडी दाराबाहेर ठेवायची, आत जायचं आणि म्हणायचं, "मस्त आहे काकू, नुसती फुललीय." तोंडात शब्द तयार होते. ओठावर होते.

कुंडी बाहेर ठेवली. आत गेले. काकू खुर्चीत, पायांखाली उशी, एका महिन्यात बारीक झालेल्या. माझ्याकडं वर बघितलं. आणि त्यांनी बागेचं विचारलंच नाही.

आवाज बारीक करून, दाराकडं बघत, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून म्हणाल्या, "समे, तो मातीचा पेपर सुटला का गं?"

संपलं. मला रडूच फुटलं. "काकू, मेली. सगळी मेली. मी मारली."

दादा मागं येऊन उभा राहिला होता, आई, वहिनी, चाचा, सगळे दारात.

"एक कुंडी आण," काकू म्हणाल्या.

बाहेरचीच आणली, मांडीवर ठेवली. त्यांनी बोट खुपसलं, माती नाकाशी नेली. "आंबट. हे ताक, म्हणजे तुझी आई." परत बोट. "पेंड. जमीर, किती दिवस भिजवली होतीस?"

"आठ दिवस, बाई."

"शेण. वंदना, मालगाव." मग वरची पांढरी खपली नखानं उचलली. "हे कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं. "एकोणीस-एकोणीस-एकोणीस."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या! इतक्या हसल्या की उशी पडली. "निरंजन," म्हणाल्या, "बघ रे, नीट बघ. माझी झाडं उपासमारीनं नाही मेली. अजीर्णानं मेली!"

सगळेच हसायला लागले, मी रडतारडता. मग आठवलं आणि म्हटलं, "काकू, अजून एक. ते फोटो..."

"कोजागिरीचे. माहितीये."

"माहितीये?"

"मे महिन्याच्या गच्चीवर कोपऱ्यात मसाला दुधाचं पातेलं? पहिल्याच फोटोत कळलं मला."

दादा पुढं आला. "म्हणजे तुला तिथंच कळलं होतं बाग गेलीय? मग रात्रभर गाडीतनं आलीस कशाला?"

काकूंनी कुंडी खाली ठेवायला माझ्याकडं दिली. हसू गेलं होतं. "झाडं काय, परत लावता येतात. उद्या मी बाथरूममध्ये पडले, तर ही माणसं तुला खरं कळवतील, का 'काकू मस्त आहेत' म्हणून फोटो पाठवतील, एवढंच बघायचं होतं मला. फोटो तर आलेच, पण तोंडावरही खोटं बोलली असती, तर इथं राहण्यात अर्थ नव्हता. आज संध्याकाळीच निघाले असते तुझ्याबरोबर. कपडे सगळे बॅगेत भरूनच आणलेत."

दादा नुसता बॅगेकडं बघत होता.

"बघत काय राहिलास?" काकू दादाला म्हणाल्या. "उघड ती बॅग. साड्या कपाटात लाव."

दादानं बॅग उघडली. खरंच सांगते, त्यानं साड्या लावल्या, एकेक घडी करून. जाताना मला म्हणाला, "आता मिरजेचा नंबर दिसला की आधी बघीन तुझा आहे का. तुझा असला तर खरं असेल." टेम्पोतली झाडं आम्ही दुसऱ्या दिवशी उजळ माथ्यानं लावली, काकू खालनं शिट्टी वाजवून सूचना देत होत्या. खत मृगाच्या आधी, मूठभर, माती भिजवून.

याला आता पाच वर्षं झाली. काकू गच्चीवर चढतात, हळूहळू, कठडा धरून. त्यांच्या कपाटाची एक किल्ली माझ्याकडं असते. डॉक्टरच्या कागदावर दादाच्या खाली माझा नंबर आहे. नवीन कुणी राहायला आलं की काकू माझी ओळख करून देतात, "ही समिधा. ही खोटं बोलत नाही."

आणि दरवेळी माझं काळीज हलतं. कारण दीपे, मी खरं बोलले ते त्यांनी पेपरचं विचारलं म्हणून. फक्त म्हणून. त्यांनी बसल्याबसल्या "काय म्हणतेय बाग?" एवढं विचारलं असतं ना, तर मी हसून "मस्त आहे" म्हणाले असते, आणि मला वाटलं असतं मी त्यांना ठेवून घेतलं. त्याच संध्याकाळी बॅग परत गाडीत गेली असती.

हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आईला नाही, कुणालाच नाही. सांगायला गेले की त्या मरव्याच्या दोन काड्या पुढं करतात, आणि माझं तोंडच उघडत नाही.

तू सांग ना. ठरवून नको सांगूस, पटकन सांग. त्या तिसऱ्या जिन्यावर तू असतीस, समोर वहिनी हात जोडून उभ्या, खाली टेम्पोत हिरवीगार झाडं, तर आत जाऊन तू काय म्हणाली असतीस?